मदत हवी आहे: .३१५ रायफलला नवं लाकूड बसवलं, आता मॅगझिन पूर्ण वर जात नाही

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात राहतो. घरात आजोबांच्या काळापासून इशापूरची .३१५ बोअर बोल्ट अॅक्शन रायफल आहे. परवाना वारसाने माझ्या नावावर झाला आहे. लोखंड अजून छान आहे, पण लाकूड पार गेलं होतं: ट्रिगर गार्डच्या मागच्या स्क्रूपाशी तडा, वर्षानुवर्षं तेल मुरून काळं पडलेलं. म्हणून ली-एनफिल्ड नमुन्याचं तयार अक्रोडाचं लाकूड, पुढचं आणि दस्ता दोन्ही, परवानाधारक दुकानातून घेतलं आणि तिथेच बसवून घेतलं.

दिसायला सुरेख झालं आहे. पण मॅगझिन हाताने दाबलं की शेवटी अडतं. तळव्याने ठोकलं तर मॅगझिन धरून ठेवणारा खटका लागल्यासारखा वाटतो, पण डमी राउंड (बिनदारूचं नकली काडतूस) भरून बोल्ट (काडतूस पुढे ढकलणारा दांडा) पुढे नेला की तो काडतुसाच्या रिमवरून, म्हणजे बुडाच्या कडेवरून, निसटून जातो, राउंड खालीच राहतो. जुन्या लाकडात हेच मॅगझिन बिनबोभाट चालत होतं. ट्रिगरही पूर्वीपेक्षा लवकर सुटतो असं वाटतं, पण ते बहुधा सवयीचं असेल.

दुकानदार म्हणतो मॅगझिनचे लिप्स (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) थोडे वाकवू, नाहीतर .३०३ चं दहाचं मॅगझिन बघू. मला दोन्ही पटत नाही. वस्तू घरातली आहे, बिघडवायची नाही. जाणकारांनी सांगावं, आधी काय तपासू?

बोल्टवाला:
लिप्सना हात लावू देऊ नका. जे मॅगझिन जुन्या लाकडात चालत होतं ते एका दुपारीत बिघडत नाही. बदललंय फक्त लाकूड.

आधी हे विचारून घ्या की लाकूड नंबर १ नमुन्याचं आहे की नंबर ४ चं. बाजारात दोन्हींना ली-एनफिल्डच म्हणतात, पण पुढचं लाकूड एकाचं दुसऱ्याला बसत नाही. इशापूरची .३१५ ही नंबर १ च्या अॅक्शनवर आहे. कोणी नंबर ४ चं लाकूड कोरून बसवलं असेल तर त्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही.

लाकूड बरोबर असेल तर त्याच दुकानात, रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, लाकूड आणि ट्रिगर गार्ड उतरवायला सांगा आणि नुसत्या लोखंडात मॅगझिन लावून बघा. या नमुन्यात मॅगझिनचा खटका रिसीव्हरवरच (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावर) असतो, लाकडावर नाही, त्यामुळे ही परीक्षा सरळ होते. उघड्या लोखंडात मॅगझिन पूर्ण वर जाऊन खटका लागला तर दोष लाकडाच्या खाचेत आहे. तिथेही लागला नाही तर खटक्याची स्प्रिंग बघा. तीच व्ही आकाराची स्प्रिंग सिअरलाही (ट्रिगर ओढेपर्यंत चाप अडवून धरणाऱ्या तुकड्याला) दाब देते आणि खोलाखोलीत ती नीट न बसल्याची शक्यता असते.

नर्मदातीर:
.३०३ च्या मॅगझिनचा विचार सोडा. .३१५ म्हणजे ८×५०, तिची केस (काडतुसाची पितळी नळी) ५० मिलिमीटरची, .३०३ ची ५६ मिलिमीटरची. लांबी वेगळी, रिम वेगळी, फीडिंगचा भरवसा नाही. शिवाय .३०३ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत सुटे भागही येतात. कुठून तरी मिळालं म्हणून आणलेलं मॅगझिन परवान्यालाच भारी पडेल.

आणखी एक. दोन्ही राउंड रिमवाले आहेत, तेव्हा भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या पुढे पडते ना हे बघत जा. उलट झालं की रिमला रिम अडकते आणि आपण बिचाऱ्या मॅगझिनला दोष देतो.

बोल्टवाला:
पहिल्या पोस्टमध्ये ट्रिगरबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, ते मला मॅगझिनपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नंबर १ मध्ये ट्रिगर रिसीव्हरला नाही, गार्डला पिनने जोडलेला असतो. गार्ड किती वर बसतो यावर ट्रिगरची ओढ ठरते. म्हणूनच पुढच्या स्क्रूभोवती लाकडाच्या आत एक लोखंडी कॉलर असतो. तो गार्ड आणि रिसीव्हरमधलं अंतर पक्कं धरतो. कॉलर नसेल किंवा आखूड असेल तर स्क्रू आवळताना लाकूड दबतं, गार्ड वर चढतो आणि पहिली ओढ (सुटण्याआधीचा हलका दाब) नाहीशी होते. सिअर पूर्ण बसतो की नाही हे तपासल्याशिवाय खरा राउंड चेंबरमध्ये घालू नका. हे कळकळीने सांगतोय.

धागाकर्ता:
दुकानात समोर बसून सगळं करून घेतलं. लाकूड नंबर १ चंच आहे. उघड्या लोखंडात मॅगझिन एका बोटाने वर गेलं आणि खटका लागला. मग मॅगझिनला दिव्याची काजळी लावून लाकडात घातलं, तर खाचेच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीवर काळे डाग उमटले. तेवढंच लाकूड पॉलिशपेपरने हळूहळू घासलं, प्रत्येक वेळी पुन्हा काजळी लावून. लोखंडाला कानस लावला नाही. आता मॅगझिन सरळ बसतं आणि डमी राउंड एकामागोमाग चेंबरमध्ये जातात.

कॉलर नव्या लाकडात घातलाच नव्हता, जुन्या लाकडातच राहिला होता. तो काढून बसवला आणि ट्रिगरच्या दोन्ही ओढी परत आल्या. दुकानदाराने सिअरही बघून दिला. बोल्टवाला, तुमचे मनापासून आभार.

एक राहिलं: घासलेली जागा आता कोरी आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि जुलैत हवा दमट होते. तिथे काय लावू?

बोल्टवाला:
अळशीचं तेल. बोटाने पातळ हात द्या, मुरू द्या, जास्तीचं पुसा, वाळल्यावर पुन्हा. वार्निश नको, त्याचा थर खाचेत जाडी वाढवतो. आणि खाच मॅगझिनभोवती कागद सरकेल इतकी मोकळी ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतंच.