जन्मजात हळवेपणा: तुमचेही अनुभव लिहा

चांदणवेल: भाचीच्या शाळेतून निरोप आला, "मुलगी फार रडवी आहे, जरा कणखर करा." वाचलं आणि माझ्या प्रगतिपुस्तकातला तसाच शेरा आठवला. बाई दुसऱ्याच कुणाला ओरडल्या तरी माझ्या पोटात गोळा यायचा. ट्यूबलाइटची घरघर मला एकटीलाच ऐकू यायची. घरचे म्हणायचे, नखरे आहेत. तिशी उलटल्यावर इलेन अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांचं लिखाण हाती लागलं. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने १९९७ साली यावर शोधनिबंध लिहिला. अतिसंवेदनशीलता हा आजार नाही, उपजत स्वभाव आहे. मेंदू प्रत्येक गोष्ट खोलवर घोळवत बसतो, म्हणून लवकर शिणतो. वाचून किती हलकं वाटलं सांगू! तुमचं काय?

रानवारा: ट्यूबलाइट!!! मला वाटायचं मीच एकटा. गर्दीच्या कार्यक्रमात मध्येच बाथरूममध्ये जाऊन डोळे मिटून उभा राहतो. आणि मी चांगला बडबड्या आहे हं. त्यामुळे कुणाला पटतच नाही.

चांदणवेल: अहो, अ‍ॅरनबाईंच्या मते अशांपैकी साधारण ३० टक्के बहिर्मुखच असतात. लाजाळूपणा वेगळा.

दोनपिल्लं: धाकटा उठायच्या आत लिहिते. थोरला मोजे उलटे घालतो, शिवण बोटांना लागते म्हणून. सासूबाई म्हणतात लाडावलाय. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं. आता चार महिन्यांच्या जिवाला कोण लाडावणार? उठला वाटतं, येते नंतर

उंबरठा: सगळं जन्मावर नका ढकलू. आमच्याकडे बाबांनी किल्ली टेबलावर कशी ठेवली यावरून संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. आपटली की आम्ही भावंडं आतल्या खोलीत. माझे कान तिथे तयार झाले. अजून ऑफिसात कुणी फाइल आपटली की दचकतो.

निवांत: दादा, वाचून गलबललं. दोन्ही खरं आहे. २०२० साली जुळ्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्माच निघाला, बाकी परिस्थितीचा. तापट घर अशा मुलांना इतरांपेक्षा जास्त लागतं. पण मायेचं घर मिळालं तर तीच इतरांपेक्षा जास्त फुलतात. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. "कणखर करा" म्हणणाऱ्यांना हेच सांगायला हवं.

उंबरठा: धन्यवाद ताई. माझ्या लेकीसाठी तरी लक्षात ठेवीन.

पाखरू: हे आणि ऑटिझम एकच का?

निवांत: नाही. आवाज-स्पर्शाचा त्रास दोन्हीकडे दिसू शकतो, म्हणून गल्लत होते. मुलाचं रोजचं अडत असेल तर घरच्या घरी ठरवू नका, तज्ज्ञांना दाखवा.

रानवारा: दोनपिल्लं, बिनशिवणीचे मोजे मिळतात, शोधा. आणि शर्टाच्या कॉलरचं लेबल कापू नका, उसवा. कापलं की उरलेला कडक काठ जास्त टोचतो.

दोनपिल्लं: अय्या, म्हणूनच तो कापल्यावरही मान खाजवत होता! पण उसवताना कापडाला भोक पडतं हो.

पाखरू: शर्ट उलटा करा आणि नेलकटरने एकेक टाका तोडा. ओढायचं नाही.