रूपक सोळा स्टेपमध्ये बसणार नाहीच

एकाने विचारलंय की कीबोर्डवर रूपक तालाचा पॅटर्न (आपोआप फिरत राहणारा ठेका) बनवला तर दुसऱ्या आवर्तनापासून, म्हणजे तालाच्या दुसऱ्या फेरीपासून, आर्पेजिओ (एकेक करून वाजणारे कॉर्डचे सूर) भलतीकडेच पळतो. त्यात कीबोर्डचा दोष नाही. पॅटर्नची लांबी सोळा स्टेप (पॅटर्नमधली समान घरं) ठेवलीत ना? रूपक सात मात्रांचा. मात्रेला दोन स्टेप धरल्या तर लांबी चौदा करायला हवी.

किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) पहिल्या मात्रेवर टाकायची सवय मात्र सोडा. रूपकाचे बोल बघा: 'ती ती ना, धी ना, धी ना'. समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली; तिथे डग्गा, म्हणजे तबल्याचा घुमणारा डावा, नाहीच. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे सातव्या आणि अकराव्या स्टेपवर. समेला नुसता रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका), व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, साठच्या आसपास. एवढ्यानेच ठेका चालायला लागतो.

आता आर्पेजिओ. चार सुरांचा असेल तर तो चौदा स्टेपमध्ये पुरा बसत नाही, दोन आवर्तनांनी, अठ्ठाविसाव्या स्टेपनंतर पुन्हा समेवर येतो. मला ते घसरणं आवडतं, पण भजनात लोक माना वळवून बघतात. नको असेल तर सात सुरांचा करा.

क्वांटाइझ, म्हणजे ठोके नेमके स्टेपवर ओढून बसवणं, शंभर टक्के ठेवू नका. आपल्या नाशिक ढोलाचा पॅटर्न मी एकदा तसा ठेवला, तर ढोल नाही, शिवणयंत्र वाजल्यासारखं झालं. आता पन्नाशीच्या आसपासच ठेवतो.

आणि हो, दर बदलानंतर सेव्ह. सिडकोत ऐन तालमीत वीज गेली आणि माझं अख्खं संध्याकाळचं काम उडालं, कारण पॅटर्न अजून तात्पुरत्या मेमरीतच होता.