डब्ल्यूडीएम-२ च्या मॉडेलला आवाज आहे, पण ते गाडी ओढतंय असं वाटत नाही

आदर्की_घाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

दीड वर्ष झालं, एकच इंजिन घेऊन बसलोय. एचओ, म्हणजे १:८७ मापातलं डब्ल्यूडीएम-२, आपल्या रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन. चेसिस अमेरिकन अल्को कंपनीच्या सी-६३० इंजिनाच्या मॉडेलची आहे. तिच्या ट्रायमाउंट बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, आपल्यासारखीच दोन चाकं जवळ आणि एक लांब असतं, म्हणून मुद्दाम तीच शोधली. बॉडी प्लास्टिकच्या शीटमधून घरी कापली. रूळ १६.५ मिमीचेच आहेत. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज या मापात १९.३ मिमी भरतो, तेव्हा समोरून पाहिलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. ते मी मान्य करून टाकलंय. बाजूने बघायचं.

कठड्यांना ०.३ मिमीची पितळी तार वापरली. लाँग हुडवरच्या, म्हणजे इंजिनाच्या लांब खोक्यावरच्या, दारांच्या कड्या आणि बिजागऱ्या करण्यात चार महिने गेले. काजळीसाठी काळा रंग एकदम न मारता आधी तपकिरी, मग करडा आणि शेवटी काळ्या पेस्टलची पूड असं केलं. धुराड्याच्या मागे ती जाड आणि कॅबकडे विरळ होत जाते. इथपर्यंत मी समाधानी आहे.

अडलंय आवाजापाशी.

पहिला डिकोडर (मॉडेलची मोटर आणि आवाज चालवणारी चिप) ज्या दुकानातून घेतला, तिथे त्यात ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनाचा आवाज भरून दिला होता. तो टू-स्ट्रोकचा एकसुरी घों-घों आवाज अल्कोतून ऐकवेना. महिन्याभरात तो काढला आणि लोकसाउंड ५ बसवला. त्यात १६ सिलिंडरच्या अल्को २५१ इंजिनाच्या आवाजाची फाईल आहे. डब्ल्यूडीएम-२ मध्येही २५१ च, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. म्हणजे इंजिनाची जात तरी जुळली. उभ्या जागी डुगडुगतं तेव्हा खरंच छान वाटतं.

पण कंट्रोलरचा नॉब फिरवला की चाकं आणि आवाज बरोबरच सुटतात. माझ्या डोक्यात जो आवाज आहे तो असा नाही. वडील मिरजेला डिझेल असिस्टंट होते, नंतर ड्रायव्हर झाले. उन्हाळ्यात आम्ही वाठारला मामाकडे जायचो. सालप्याकडून घाट चढून मालगाडी जवळच्या आदर्की स्टेशनला येऊन थांबायची. सिग्नल मिळाला की आधी इंजिनाचा आवाज बदलायचा. मग काळ्या धुराचा एक लोट वर जायचा. गाडी तरीही जागच्या जागी. आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो, निघते का, निघते का. मग कुठे एकेक कपलिंग ताणलं जाऊन मागपर्यंत खडखड जायची आणि चाकं हलायची.

तो मधला वेळ मला हवाय. तो डिकोडरमध्ये कसा आणायचा?

शिवाय आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. आवाज वाढवला की फाटतो. स्पीकर लाँग हुडमध्ये दुहेरी टेपने चिकटवलाय. आणि कंट्रोलरवर एफ१ दाबलं की घंटा वाजते. आपल्या इंजिनांना घंटा कुठली? ती बंद कशी करतात?

वडील आता ७९ चे आहेत. दिवाळीला पुण्याला आमच्याकडे येतील. तोपर्यंत हे इंजिन त्यांच्यासमोर चालवायच्या लायकीचं करायचंय.

शेडवाला_काका

मी डिझेल शेडमध्ये ३१ वर्षं फिटर होतो, आता घरी एन गेजचा, म्हणजे आणखी लहान मापाचा, छोटा लेआउट आहे. तुम्ही पोरवयात जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. ते तसंच का व्हायचं हे आधी सांगतो, म्हणजे डिकोडरला काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

अल्को आयडलला मिनिटाला ४०० फेऱ्यांवर असतं, आठव्या नॉचला (ड्रायव्हरच्या हँडलच्या शेवटच्या टप्प्याला) १००० वर. ड्रायव्हरने नॉच दिला की गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि फेरे चढू लागतात. पण हवा पुरवणारा टर्बो एक्झॉस्टवर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. तुमचा तो काळा लोट म्हणजे टर्बो मागे पडल्याची खूण. दुसरं असं की इंजिन चाकांना थेट जोडलेलं नाही. इंजिन जनरेटर फिरवतं आणि जनरेटर चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरला करंट देतो. म्हणून आवाज पुढे, चाक मागे. चांगला ड्रायव्हर पहिल्या नॉचवर थांबून कपलिंग ताणली जाऊ द्यायचा, मगच पुढचा नॉच. घाईने नॉच ओढले तर कपलिंग तुटायची भीती.

मॉडेलमध्ये यासाठी दोन गोष्टी करा. (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली आकड्याने ठरवायची सेटिंग.)

सीव्ही ३ (वेग घेण्याचा काळ) वाढवा. लोकसाउंडमध्ये त्या आकड्याला ०.२५ ने गुणलं की शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. ८० दिलेत तर २० सेकंद. मालगाडीला मी १२० ठेवतो. सीव्ही ४ (थांबण्याचा काळ) सुरुवातीला थोडा कमी ठेवा, नाहीतर बफर स्टॉपला धडकाल.

आणि ड्राइव्ह होल्ड वापरायला शिका. ती की बहुतेक एफ९ वर असते. ती दाबली की मोटरचा वेग आहे तिथे गोठतो आणि नॉब फक्त इंजिनाचा आवाज वरखाली करतो. गाडी उभी असताना दाबा, नॉब हळूच तिसऱ्या-चौथ्या नॉचइतका द्या. आवाज चढेल, गाडी हलणार नाही. मनात तीन मोजा आणि होल्ड सोडा. आदर्कीला तुम्ही श्वास रोखायचात तेवढाच वेळ द्या.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण वडील नक्की विचारतील. डब्ल्यूडीएम-२ ला ट्रान्झिशन असायचं. वेग वाढताना ट्रॅक्शन मोटरची जोडणी सिरीज-पॅरललमधून पॅरललमध्ये जायची. त्या क्षणी जनरेटरचा भार सुटायचा, आवाजातलं ओझं एकदम उतरायचं आणि पुन्हा चढायचं. डब्यात बसलेल्या माणसालाही तो हलका धक्का कळायचा. मॉडेल चालू असताना होल्ड दाबा, नॉब झटकन दोन नॉच खाली घ्या, परत वर आणा आणि होल्ड सोडा. वेग तोच राहतो, आवाज मात्र खाली जाऊन वर येतो. सरावाला एक संध्याकाळ लागते.

घंटेचं काम सोपं आहे. लोकप्रोग्रामर (लोकसाउंड संगणकाला जोडायचं यंत्र) असेल तर फंक्शन मॅपिंगमधून एफ१ मोकळं करा. नसेल तर त्या आवाजाच्या स्लॉटचा व्हॉल्यूम शून्य करा. रेडिएटर पंख्याचा आवाज मात्र ठेवा. आपल्या इंजिनात तो एडी करंट क्लचवर चालायचा, पाणी तापलं की आपोआप सुरू व्हायचा. घाट चढून आलेलं इंजिन उभं असताना तो पंखा घुमत असलाच पाहिजे.

तांबडा_सिग्नल

काकांनी मुख्य काम केलंच आहे. मी स्पीकरपुरतं बोलतो.

स्पीकरच्या पडद्याची पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की खालचा सूर मरतो. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय. टेपने नुसता चिकटवलेला स्पीकर म्हणजे उघडा स्पीकर. ११ × १५ मिमीचा शुगरक्यूब स्पीकर घ्या. त्याच्या मागे १ मिमी स्टायरीन प्लास्टिकची बंद डबी करा आणि सगळे सांधे गोंदाने भरा, वायर आत जाते ते भोकसुद्धा. डबी जितकी खोल मावेल तितकी खोल करा. लाँग हुडमध्ये भरपूर जागा आहे, अल्को बनवणाऱ्यांचं हे सुख आहे. तोंड वर रेडिएटर जाळीकडे ठेवा. जाळी भरीव प्लास्टिकची असेल तर कापून तिथे बारीक कोरलेली जाळी लावा. आवाजाला बाहेर पडायला वाट हवीच, दिसायलाही चांगलं दिसतं.

मग सीव्ही ६३ (एकूण आवाज) खाली आणा. तो १९२ पर्यंत जातो, मी ७० च्या वर कधी जात नाही. १:८७ चं इंजिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायला नको, वाकून कान जवळ नेल्यावर ऐकू यायला हवं. भोंगा इंजिनापेक्षा ठळक ठेवा, कारण प्रत्यक्षातही तसंच होतं.

भोंग्याबद्दल एक. अमेरिकन फाईलमधला भोंगा आपल्याकडचा वाटत नाही. लोकसाउंडमध्ये लोकप्रोग्रामरने स्वतःचं रेकॉर्डिंग भरता येतं, त्सुनामी २ या दुसऱ्या डिकोडरमध्ये ती सोय नाही. मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून मिळालेल्या रेकॉर्डिंगमधून सुरुवात, मधला लांबवता येणारा भाग आणि शेवट असे तीन तुकडे कापले. मधला तुकडा जोडताना खटका ऐकू येऊ नये यात सगळा वेळ जातो. तो नीट जमला की फाटकाच्या आधी ‘सी/फा’ (सीटी, फाटक) ची पिवळी पाटी लावा आणि तिथपासून फाटकापर्यंत भोंगा धरून ठेवा.

आठ_फूट_लेआउट

वेगही तपासा. डब्ल्यूडीएम-२ चा कमाल वेग ताशी १२० किमी, १:८७ मध्ये सेकंदाला साधारण ३८ सेंमी. म्हणजे दोन मीटर अंतर सव्वापाच सेकंदांत. याहून जोरात धावत असेल तर सीव्ही ५ (कमाल वेग) उतरवा. घाटातली ताशी ४० ची मालगाडी तेच अंतर जवळपास सोळा सेकंदांत कापेल. आवाज कितीही उत्तम असला तरी गाडी खेळण्यासारखी पळाली की तो खोटा वाटतो. अगदी कमी वेगात गचके देत असेल तर मोकळ्या सरळ रुळावर ठेवून सीव्ही ५४ मध्ये ० लिहा आणि एफ१ दाबा. इंजिन क्षणभर जोरात पळेल आणि मोटरचं नियंत्रण स्वतः जुळवून घेईल. पुढे दीड-दोन मीटर जागा ठेवा. आणि हे एफ१ मोकळं करायच्या आधी उरका.

आदर्की_घाट (मूळ प्रश्नकर्ता)

काका, तांबडा सिग्नल, आठ फूट, तिघांचेही मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

स्पीकरची डबी केली. दोनदा केली, पहिल्या वेळी वायरच्या भोकातून हवा गळत होती. फरक इतका आहे की बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, नवीन इंजिन आणलंस का. सीव्ही ६३ आता ६५ वर आहे. सीव्ही ३ ला १०० दिलेत, पंचवीस सेकंद. सीव्ही ५४ चं काम आधी करून मग घंटा काढली.

ड्राइव्ह होल्डचा सराव आठवडाभर रोज रात्री केला. सुटायच्या वेळचं जमलं. ट्रान्झिशन दहातून सहा वेळा जमतं.

वडील काल आले. चहा झाल्यावर शेल्फसमोर खुर्ची ठेवली. मागे अकरा वाघिणी लावल्या होत्या. आवाज चढवला, मनात तीन मोजले, होल्ड सोडला. ते काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात मात्र मांडीवर हलला, हँडल ओढल्यासारखा. गाडी वळणावर गेल्यावर मी ट्रान्झिशन घेतलं, तर लगेच म्हणाले, “लवकर घेतलंस. अजून वेग धरू दे.” मग त्यांनी कंट्रोलर मागून घेतला आणि जेवायची वेळ होईपर्यंत दिला नाही.

त्यांनी एक खोट काढली आहे. थांबताना ए-नाईन हँडल (गाडीच्या ब्रेकचं) फिरवल्यावर कॅबमध्ये हवा सुटल्याचा जो आवाज यायचा, तो यात नाही. फाईलमध्ये आहे तो ब्रेक सुटतानाचा छोटा फुस्स आवाज, तो त्यांना चालत नाही. काका, तुमच्या शेडमधल्या कुणाकडे ए-नाईनचं कॅबमधलं जुनं रेकॉर्डिंग असेल का? वडील पाडव्यापर्यंत इथे आहेत, ऐकून बरोबर की चूक ते सांगतील.