थर्मल कॅमेऱ्यात बिबट्या रात्री सापडतो, सकाळी हरवतो. काय बदलू?

बांधावरचा:
जुन्नर भागात उसाच्या कडेला थर्मल कॅमेरा बसवलाय. चित्र ६४० × ५१२ पिक्सेलचं, सेन्सरवरचा एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा, लेन्स १९ मिमी, सेन्सर कूलिंग नसलेला. रात्री १०० मीटरवरचा बिबट्या नीट पकडतो. सकाळी आठ-नऊला मात्र त्याला सोडून तापलेल्या दगडांवर अलार्म देतो. शिवाय अधूनमधून चित्र गोठतं, आणि मग सॉफ्टवेअर त्याच जनावराला नवं समजून नवा नंबर देतं.

पिक्सेलमोजणी:
कॅमेऱ्याला जनावर आणि मागची जमीन यांच्यातला फरक तेवढा कळतो. अंगातली ऊब केसांच्या आत राहते, बाहेर दिसतो तो केसांचा थर. ऊन चढताना जमिनीचं तापमान त्या थराला गाठतं, संध्याकाळी उतरताना पुन्हा. फरक अर्ध्या अंशावर आला तरी ५० मिलिकेल्व्हिनचा (०.०५ अंशाचा) फरक ओळखणाऱ्या सेन्सरला तो कळतो. घोळ पुढे होतो. १४ बिटचा डेटा (१६,३८४ छटा) स्क्रीनसाठी ८ बिटमध्ये (२५६ छटा) दाबतात, आणि चौकटीत एखादा तापलेला पत्रा असला की बहुतेक छटा तोच खातो. म्हणून शोध कच्च्या १४ बिट डेटावरच चालवा. ते जमत नसेल तर पत्रा आणि आकाश मास्क करा, म्हणजे हिशोबातून झाकून टाका.

दगडांसाठी प्रत्येक पिक्सेलची सरकती सरासरी ठेवून ती वजा करा. सरासरी फार वेगाने बदलू देऊ नका, नाहीतर दबा धरून बसलेला बिबट्याही पार्श्वभूमीत मुरतो. जिथे लक्ष्य आहे तिथले पिक्सेल अपडेटमधून वगळा.

आणि आधी लेन्स पुसून बघा. दवाचा पातळ थरही ८ ते १४ मायक्रॉनचे किरण अडवतो.

कालमनप्रेमी:
चित्र गोठतं ते शटरमुळे. पिक्सेल एकसारखे करायला शटर क्षणभर आड येतं, तेव्हा ‘टक्’ असा आवाजही येतो. तेवढ्या वेळात शोध थांबवा, पण ट्रॅक (त्या जनावराचा सलग माग) तोडू नका. कालमन फिल्टरने (आधीच्या हालचालीवरून पुढची जागा काढणाऱ्या गणिताने) जागेचा अंदाज पुढे सरकवत राहा. शटर उघडल्यावर अख्ख्या चित्राची पातळी उडी मारते, त्यामुळे दर फ्रेममधून तिचा मध्यक वजा करा. नवा ट्रॅक ५ पैकी ३ फ्रेममध्ये दिसला तरच पक्का धरा.

बांधावरचा:
३०० मीटरपर्यंत चालेल? आणि उसात शिरला तर?

पिक्सेलमोजणी:
तुमच्या लेन्सवर १०० मीटरला एक पिक्सेल म्हणजे ६.३ सेंमी. ६० सेंमी उंचीचं जनावर साडेनऊ पिक्सेल भरतं, ३०० मीटरला जेमतेम तीन. काहीतरी हललं हे कळेल; बिबट्या की कुत्रा, हे नाही.

कालमनप्रेमी:
पानांच्या आरपार थर्मलला दिसत नाही. ट्रॅक दोनेक सेकंद जिवंत ठेवा आणि शोधाचं वर्तुळ दर फ्रेमला मोठं करत न्या. तेवढ्यात दिसला नाही तर ट्रॅक सोडा, पण शेवटची जागा आणि दिशा अलार्ममध्ये जरूर पाठवा. सरीत काम करणाऱ्यांना तीच हवी असते.