मदत हवी आहे: कोल्हापुरात सिंगल लोकांसाठी गेट-टुगेदर कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी, मी आणि माझी मैत्रीण तिशीपुढच्या सिंगल लोकांसाठी, घटस्फोट झालेले, जोडीदार गेलेले सगळेच, छोटं गेट-टुगेदर घ्यायचं म्हणतोय. वधूवर मेळावा नको, तिथं स्टेजवर माईक धरून पगार नि उंची सांगायची आणि समोर आईवडील बसलेले, माणूस मोकळा बोलणार कसा ओ? आमचा प्लॅन असा की रविवारी सकाळी रंकाळ्यावर चक्कर, मग मिसळ, एका टेबलाला चौघं, आणि दुसऱ्यांदा कट, म्हणजे मिसळीचा रस्सा, आला की जागा बदलायच्या. फोटो अजिबात नाहीत, गावात लगेच चर्चा होते.

पण बायका एकट्या यायला बिचकतात, त्यांना सोबत मैत्रीण आणू द्यावी का? आधार कार्ड बघून नावं घ्यावीत की ते जास्त होतंय? राजारामपुरी, ताराबाई पार्कात दोन तास निवांत बसू देणारी जागा असेल तर प्लीज सुचवा.