नेस्कोच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतोय, चालू मशीन दाखवायचं आहे. मदत हवी आहे

वसईची_सून

नमस्कार मंडळी. वसई पूर्वेला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मसाला कांडपायची यंत्रं बनवतो. बचत गटाला किंवा घरून मसाले विकणाऱ्या बाईला परवडेल एवढं मशीन, २ एचपीची सिंगल फेज मोटर. आजवरची सगळी विक्री ओळखीपाळखीतून झाली. आता गोरेगावला नेस्कोत, म्हणजे बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये, अन्नप्रक्रिया यंत्रांचं प्रदर्शन भरतंय, त्यात उतरायचा विचार आहे. २०२० मध्ये तिथे जम्बो कोविड सेंटर होतं तेव्हा दीर दाखल होते. त्या जागेशी आमची ओळख काय ती तेवढीच.

आयोजकांनी दोन प्रकारचे दर पाठवलेत, शेल स्कीम (तयार भिंतींचा स्टॉल) आणि बेअर स्पेस (नुसती मोकळी जागा). बेअरचा दर कमी दिसतो म्हणून आमच्या ह्यांचा कल तिकडे आहे. शेलमध्ये ९ चौरस मीटर, एक टेबल, दोन खुर्च्या, दिवे आणि ५ अँपिअरचा एक प्लग असं लिहिलंय.

माझी खरी काळजी मशीनची आहे. कांडप चालताना बघितल्याशिवाय बायका पैसे काढत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नुसतं माहितीपत्रक वाटायचं असेल तर एवढं भाडं का भरायचं? तर त्या प्लगवर मशीन चालेल का? मिरची कांडपून दाखवता येईल का? वसईहून टेम्पो कधी आणावा? भाड्याशिवाय आणखी काय खर्च येतो? ज्यांनी स्टॉल लावलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा. आमच्यासाठी रक्कम मोठी आहे.

ठाण्याचा_सुतार

ताई, प्रदर्शनांचे स्टॉल बांधणं हाच माझा धंदा, म्हणून आधी हे सांगतो: बेअर घेऊ नका. बेअर म्हणजे खडूने आखलेली मोकळी जमीन. भिंती, कार्पेट, दिवे, नावाची पाटी सगळं तुमचं तुम्ही करायचं. शिवाय आमच्यासारख्याची मजुरी, आणि बऱ्याच आयोजकांकडे कचरा उचलण्यापोटी अनामत. पहिल्या वेळी शेलच घ्या. दोन बाजूंनी उघडा कोपरा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या, मशीनभोवती माणसं उभी राहायला जागा होते.

जमिनीत बोल्ट मारू देत नाहीत. मशीनखाली जाड रबरी पॅड घ्या, नाहीतर कांडप सुरू झालं की शेजारच्या स्टॉलवरचे नमुने थरथरतील आणि पहिल्याच तासाला तक्रार येईल.

वायरमन_काका

त्या प्लगवर अजिबात चालवू नका. ५ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ११५० वॅट. २ एचपी मोटर चालतानाच दीड किलोवॅटच्या पुढे घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की वीज तोडणारा स्विच, पडेल, कदाचित बाजूच्या स्टॉलचेही दिवे जातील.

आयोजक स्टॉलवाल्यांना नियमांची पुस्तिका देतात, एक्झिबिटर मॅन्युअल, त्यात विजेचा फॉर्म असतो. त्या फॉर्मात जादा लोड किलोवॅटमध्ये मागा, मोटर सिंगल फेज आहे हे स्पष्ट लिहा आणि मोटरच्या प्लेटचा फोटो जोडा. मुदत चुकवू नका, जाग्यावर मागितलेली वीज महाग पडते. मांडणीच्या दिवशी चाचणी घ्यायची असेल तर त्या दिवशीची वीजही वेगळी मागावी लागते का, ते विचारून घ्या. हे बरेच जण विसरतात.

वसईची_सून

काका, फार मोठं काम केलंत. प्लेटचा फोटो आजच काढायला सांगते. मिरचीचं कोणी सांगेल का?

लोणची_पापड_दादर

मिरची नको गं! बंद हॉल आहे, चार माणसं खोकली की आयोजक मशीन बंद करायला लावतील. धणे किंवा हळकुंड कांडप. हळकुंड सगळ्यात कडक, ते नीट कांडपलं गेलं की मिरचीबद्दल कोणी विचारणारच नाही. चाळणी शेजारीच ठेव आणि पूड बाईच्या तळहातावर दे. आम्ही गटाच्या बायका आधी बोटांनी बारीकपणा बघतो, मग किंमत विचारतो.

आणखी एक. असल्या प्रदर्शनात डीलर आणि कारखानदार जास्त येतात, आम्ही कमी. आमच्यासारख्या सापडतील त्या महालक्ष्मी सरसमध्ये, म्हणजे बचत गटांच्या मालाच्या सरकारी प्रदर्शनात. ते बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) एमएमआरडीए मैदानावर भरत आलंय. तिथले स्टॉल गटांचे असतात, तुला मिळणार नाही. पण पत्रकं घेऊन फिर, मसालेवाल्या प्रत्येकीशी बोल आणि नेस्कोला बोलव.

उद्यमी_अंधेरी

वसईहून टेम्पो रात्री काढा. गर्दीच्या वेळी मालवाहू गाड्यांवर निर्बंध असतात, आणि मांडणीच्या दिवशी गेटवरच रांग लागते. गेटपास आणि डिलिव्हरी चलन ड्रायव्हरच्या हातात द्या. चलनावर ‘प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही’ असं लिहून मशीनचा सीरियल नंबर टाका, माल परत नेताना तोच कागद दाखवावा लागतो. हमाली आधी ठरवा. माणसांनी राम मंदिर किंवा गोरेगाव स्टेशनला उतरावं. दहिसरहून मेट्रो ७ घेतलीत तर गोरेगाव पूर्व स्टेशन महामार्गावरच आहे.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी येईल, जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या करातून वजा होतो. आणि पैसे भरायच्या आधी साकीनाक्याच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कार्यालयात जाऊन या. केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्टॉलभाड्याचा भाग परत मिळतो, महिला उद्योजकांना जास्त. उद्यम नोंदणी, म्हणजे उद्योगाची सरकारी नोंदणी, कोणाच्या नावावर आहे?

वसईची_सून

ह्यांच्या नावावर. पण वर्कशॉपचे सगळे हिशेब, ऑर्डरी मीच बघते. नोंदणी माझ्या नावावर केली तर चालेल का?

उद्यमी_अंधेरी

फक्त सवलतीसाठी कागद बदलू नका. मालकी खरोखरच तुमची करायची असेल तर बँक खातं, जीएसटी सगळंच बदलतं, त्याला वेळ लागतो. या वेळी ह्यांच्याच नावाने विचारा. जाताना आयोजकांचं पत्र आणि दरपत्रक बरोबर घ्या, हे प्रदर्शन योजनेत बसतं की नाही ते तिथेच कळेल.