वास-चव गेल्याचे अनुभव: तुमचं काय परत आलं, कसं आलं?

सुरंगी:
काल जाऊबाईंचा फोन आला. साध्या फ्लूने झोपल्या होत्या. ताप उतरला, अंगदुखी गेली, पण वरणभातावर तूप घातलंय की नाही तेही कळत नाही म्हणाल्या. घरातले म्हणतात, तापानंतर तोंडाला चव नसतेच, होईल बरं. त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला आमचा एप्रिल २०२१ आठवला.

तेव्हा घरात सगळेच कोविड पॉझिटिव्ह. मागच्या खोलीत हापूसची पेटी होती. पेंढ्यातून एक फळ काढलं, देठाशी नाक नेलं. काही नाही. कापून खाल्लं. गोड लागलं, किंचित आंबट लागलं, धागा जिभेला जाणवला. आंबा मात्र त्यात नव्हता. बाहेर लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते, त्यात मला आंब्याचा वास येत नाही हे कुणाला सांगणार? गप्प राहिले. पण त्या वर्षी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचीच इच्छा गेली होती, आणि ते दुःख खरं होतं.

ज्यांचं वास-चव गेलं, कोविडने किंवा साध्या सर्दीनेसुद्धा, त्यांनी लिहा. आधी काय परत आलं? वेडेवाकडे वास आले का? जाऊबाईंना वाचून दाखवणार आहे.

मोगरा७:
लेक जून २०२१ ची. आठव्या महिन्यात कोविड झाला, वास गेला तो गेलाच. बाळंतपणाला माहेरी. आई टाळू भरायची, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, येणारा प्रत्येक जण म्हणायचा बाळाला काय गोड वास येतोय. मी टाळूला नाक लावून बसायचे. नुसती ऊब लागायची. शी केलेली कळायची नाही, दर थोड्या वेळाने लंगोटात बोट घालून बघायचे. रात्री आई झोपली की रडायचे. रांगायला लागली तेव्हा एकदा मानेच्या वळीतला आंबूस दुधाचा वास आला. तिला खाली ठेवलंच नाही कितीतरी वेळ.
व्हॅन आली, बाकीचं नंतर.

शेवगा:
मोगरा, डोळे भरून आले गं. माझं लवकर परत आलं त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. सुरंगी, यंदा पेटी काय भावाने घेतलीस?

निफाडकर:
आमचं काम वासावर चालतं. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या मांडवात, भरला की पावसाळ्यात रोज चाळीच्या कडेने फिरायचं. ज्या कप्प्यातून सडक्याचा भपका येईल तिथली फळी काढून तेवढा माल बाहेर. उशीर झाला की शेजारचा कांदाही पाणी सोडतो. त्या साली माझं नाक बंद. वहिनी रोज संध्याकाळी पदर खोचून माझ्याबरोबर चाळीला फेरी मारायची, ती बोट दाखवील तिथली फळी मी काढायचो. तिच्यामुळे माल वाचला, हे मी भावकीत सगळ्यांना सांगतो. मला पहिला वास आला तो डिझेलचा, पंपावर उभा असताना. मग शेण, मग पहिल्या पावसाची माती. कांद्याचा सगळ्यात शेवटी.

लीड्सकर:
मला मार्च २०२० मध्येच झालं. ताप नाही, खोकला नाही, फक्त वास गायब. इकडे इंग्लंडमध्ये वास जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत आलं १८ मे २०२० ला, भारतात त्याच जूनमध्ये. तोवर फोनवर सगळे सांगत, ही कोविडची खूण नाही, कामावर जा.
पण खरा त्रास नंतरचा. वास परत यायला लागला तो नासून. कॉफी, परतलेला कांदा-लसूण, तळलेलं अंडं, टूथपेस्ट, सगळ्याला एकच घाण, जळकी आणि कुजकी. फोडणी पडली की मी कोट घालून बाहेर. बायकोने कित्येक महिने माझ्यासाठी कांदा-लसणाशिवाय, गार करून जेवण वाढलं. गार अन्नाला वाफ कमी, त्यामुळे त्रास कमी. दहीभात, काकडी, केळं यावर जगलो. अ‍ॅबसेंट नावाची इथली संस्था तेव्हा वास गेलेल्यांसाठी काम करायची. त्यांच्याकडून कळलं की याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि तुटलेले धागे पुन्हा जुळताना असं होतं. तेवढं कळल्यावर रात्री झोप लागली. सुरंगी, जाऊबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा. मध्येच घाण वास सुरू झाले तर घाबरू नये.

मिरीकाळी:
लीड्सकर, तुमच्या बायकोला माझा नमस्कार कळवा.

कानघशा:
दवाखान्यातून लिहितोय, तुटक आहे. कोविडचा विषाणू बहुतेक वेळा वासाच्या चेतापेशींवर थेट जात नाही, त्यांना आधार देणाऱ्या पेशींना धरतो. चेतापेशी पुन्हा तयार होत राहतात, म्हणून आशा असते. सर्दी-फ्लूच्या इतर विषाणूंनीही वास जातो, हे आम्ही कोविडच्या आधीपासून बघतोय.
चव गेली म्हणणाऱ्या बहुतेकांचा वास गेलेला असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शासारखी भरलेली चव) एवढंच कळतं, बाकी सगळं घशामागून नाकात जातं. कोविडमध्ये काहींची जिभेचीही चव जाते, ते वेगळं.
उपाय: वासाचा सराव. जर्मनीत ड्रेस्डेनला हुमेल या डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी यांची तेलं. सकाळ-संध्याकाळ एकेक वीस सेकंद, हळू हुंगायचा, तो वास मनात आणायचा. निदान १२ आठवडे, जमलं तर पुढेही. कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. २०२१ ला अशा गोळ्यांनी वाढलेली काळी बुरशी बघितलीय आम्ही, हात जोडून सांगतो.

हुमणवाली:
आमच्या गोव्याकडचं सांगते. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, तिरफळं हा मसाला असतो. कोविडात मला बांगडा लागेना, खोबरं लागेना, पण तिरफळाची चुणचुण जिभेवर तश्शी! सासूबाई म्हणाल्या, मग दोन जास्त घालते, तेवढं तरी लागू दे तुला. पुढचे महिने आमच्याकडचं हुमण शेजाऱ्यांना खाववत नव्हतं. डॉक्टर, हे कसं?

कानघशा:
मिरचीचा तिखटपणा, तिरफळाची चुणचुण, पुदिन्याचा गारवा या चवी नव्हेत. त्या चेहऱ्याच्या वेगळ्या नसेवरून येतात, ट्रायजेमिनल. ती बहुतेकांची शाबूत असते. म्हणून अशा रुग्णांना मी ठेचा, लिंबू, कुरकुरीत काहीतरी ताटात ठेवायला सांगतो. सासूबाईंनी अगदी बरोबर केलं.

पुणेरी_पडवळ:
तिरफळं पुण्यात कुठे मिळतील? आजीच्या हातची वाटाण्याची उसळ आठवली.

हुमणवाली:
कोकणी मालाच्या दुकानात विचारा. आतलं काळं बी काढून टाका, सालच वापरायचं.

करवीरकाठ:
आईचं सांगते, ती कोल्हापुरात एकटी असते. वास गेला ते आम्हाला कळलंच नव्हतं. ती म्हणायची नाक चोंदलंय. एक दिवस शेजारच्या काकू धावत आल्या, जिन्यात गॅसचा वास येतोय म्हणून. आई ओट्याजवळ भाजी निवडत बसली होती. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन घालतात, आणि जिला कळायला हवं तिलाच तो येत नव्हता. काकूंनी आधी खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. आता गळती ओळखणारं यंत्र खाली, जमिनीलगत लावलंय, कारण सिलिंडरचा गॅस खाली बसतो. दुधाच्या पिशवीवर तारीख बघितल्याशिवाय ती दूध तापवत नाही. ज्यांच्या घरी वय झालेलं माणूस एकटं आहे त्यांनी त्यांना एक लवंग हुंगायला देऊन बघा, कृपा करून.

शेवगा:
आत्ताच आईला फोन लावते.

सुरंगी:
सगळ्यांचं वाचलं. मोगरा, तुझ्यापाशी येऊन बसावंसं वाटलं. करवीरकाठ, यंत्राचं लगेच सांगते, जाऊबाईंच्या घरी दुपारी कुणी नसतं. शेवगा, भाव विचारू नकोस, अजून उतरायची वाट बघतेय. मला पहिला वास आला तो हिंगाचा, तोही इतका पुसट की भास वाटला.
डॉक्टर, निलगिरीचं तेल रुमालावर घ्यायचं की बाटलीतून?

कानघशा:
रुमालावर नको, एकमेकांत मिसळतात. चार छोट्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा, त्यावर दोन-तीन थेंब, झाकण घट्ट. लवंग अख्खी ठेवली तरी चालेल, ठेचून. लिंबाची साल असेल तर रोज ताजी घ्या.

सुरंगी:
जॅमच्या रिकाम्या बरण्या आहेत माझ्याकडे. गरम पाण्यात उकळून घेते आणि उद्या तिच्याकडे नेऊन देते.